मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेताना: मध्यम फ्रेम की मोठी फ्रेम?

रिव्हॉल्व्हरची फ्रेम म्हणजे त्याचा सांगाडा. नळी या सांगाड्यात पुढून बसते, फिरणारा सिलिंडर त्याच्या चौकटीत मावतो, चाप, घोडा आणि स्प्रिंगा त्याच्या पोटात असतात, खालचा मुठीचा भागही त्याचाच. फ्रेम ठरली की आत किती जाड सिलिंडर बसेल हे ठरतं. मग वजन, काडतुसांची संख्या, चापापर्यंत बोट नीट पोचतं की नाही, आणि जोरदार काडतुसं वर्षानुवर्षं झाडल्यावर कोणता भाग आधी दगा देईल, हे सगळं त्या जाडीवरून ठरत जातं.

दुकानात मात्र गिऱ्हाईक आधी काडतूस ठरवतं. 'मला .३५७ पाहिजे' किंवा 'मला .४४ पाहिजे' (ही दोन्ही मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीची काडतुसं) इथून सुरुवात होते आणि फ्रेमचा विचार शेवटी, हातात कसं वाटतं एवढ्यावर उरकला जातो. खरं तर आधी विचारायचा प्रश्न असा: या रिव्हॉल्व्हरमधून महिन्याला कोणती काडतुसं, किती आणि कोणाच्या हातून झाडली जाणार? याचं प्रामाणिक उत्तर मिळालं की फ्रेमची निवड बहुतेक आपोआप होते.

मॅग्नम रिव्हॉल्व्हरचं घर अमेरिका आहे, आणि तिथे स्मिथ अँड वेसन या कंपनीने फ्रेमला दिलेली इंग्रजी अक्षरंच सगळ्यांच्या तोंडी बसली आहेत. जे फ्रेम सर्वांत लहान. के फ्रेम मध्यम. एल फ्रेम मध्यमच, पण थोडी भरीव. एन फ्रेम मोठी, आणि तिच्याही वर २००३ साली .५०० मॅग्नमसाठी आलेली अवाढव्य एक्स फ्रेम. सिलिंडरचा व्यास पाहिला की फरक लगेच कळतो: के फ्रेमचा सुमारे ३६.८ मिलिमीटर, एलचा ३९.६, एनचा ४३.४. प्रत्येक पायरीला तीन-चार मिलिमीटरच वाढतात, पण रिव्हॉल्व्हरच्या जगात तीन मिलिमीटर पोलाद ही फार मोठी गोष्ट असते.

रुगर कंपनीचं जीपी १०० साधारण एल फ्रेमच्या मापाचं आहे. रेडहॉक आणि सुपर रेडहॉक मोठ्या गटात येतात. कोल्टचं पायथन एल फ्रेमच्या जवळपास बसतं आणि ॲनाकोंडा मोठ्या फ्रेममध्ये. पुढे 'मध्यम' म्हटलं तर के, एल, जीपी १०० आणि पायथन, आणि 'मोठी' म्हटलं तर एन, रेडहॉक आणि ॲनाकोंडा, असं धरून चला.

दाब किती वाढतो

.३८ स्पेशल हे १८९८ सालचं काडतूस. त्याची पुंगळी सुमारे २९.३ मिलिमीटर लांब. १९३५ मध्ये तीच पुंगळी साडेतीन मिलिमीटरने वाढवून .३५७ मॅग्नम तयार झालं. जुन्या, कमी ताकदीच्या .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये हे नवं काडतूस शिरूच नये म्हणून ही लांबी वाढवली. दोन्हीच्या गोळीचा व्यास एकच, ९.०७ मिलिमीटर, म्हणून .३५७च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ चालतं, उलट मात्र चालत नाही. आतल्या दाबाची कमाल मर्यादा .३८ साठी दर चौरस इंचाला १७,००० पाउंड आहे, .३५७ साठी ३५,०००. म्हणजे दुपटीहून थोडा जास्त. १९५५-५६ मध्ये आलेल्या .४४ मॅग्नमची मर्यादा ३६,०००, जवळजवळ तेवढीच. पण त्याचं काडतूस बरंच जाड असल्याने तोच दाब मोठ्या क्षेत्रफळावर पडतो आणि फ्रेमला मागे रेटणारं एकूण बल पुष्कळ वाढतं. म्हणूनच दोन काडतुसांच्या दाबाचे आकडे सारखे दिसले तरी त्यांना एकाच मापाची फ्रेम पुरत नाही.

.३५७ मॅग्नम जन्माला आलं ते मोठ्या एन फ्रेममध्येच. ते रिव्हॉल्व्हर भक्कम होतं, पण दिवसभर कमरेला बाळगायला जड. अमेरिकेच्या सीमा गस्ती दलातले बिल जॉर्डन यांनी कंपनीकडे आग्रह धरला की पोलिसाच्या कामाला के फ्रेममधलं .३५७ हवं. १९५५ मध्ये ते 'कॉम्बॅट मॅग्नम' या नावाने आलं, आणि १९५७ पासून त्याला 'मॉडेल १९' म्हणू लागले. चार इंची नळीचं मॉडेल १९ भरतं सुमारे १.०४ किलो. पोलिसांमध्ये ते कमालीचं लोकप्रिय झालं, आणि त्याच्याच अनुभवातून आजच्या निवडीचा सर्वांत मोठा धडा मिळाला.

के फ्रेमची तडकलेली नळी

सिलिंडर लहान असला की त्याचा मध्य नळीच्या मध्याच्या जवळ येतो. सिलिंडर ज्या दांडीवर बाहेर उघडतो ती दांडी नळीच्या मागच्या टोकाच्या अगदी खाली असते. के फ्रेममध्ये या दोघांना पुरेशी जागा उरत नाही, म्हणून नळीच्या मागच्या टोकाला खालच्या बाजूने, घड्याळात सहाचा आकडा असतो त्या जागी, एक सपाट काप घ्यावा लागला. हे टोक आतून निमुळतं असतं. त्याला फोर्सिंग कोन म्हणतात आणि सिलिंडरमधून उडी मारून आलेली गोळी इथूनच नळीत शिरते. नेमक्या या जागी भिंत कापामुळे पातळ झाली.

पूर्वी पोलीस सराव .३८ ने करत आणि कमरेला .३५७ ठेवत, त्यामुळे हा दोष वर आला नाही. पुढे सरावही कामाच्याच काडतुसांनी करायची पद्धत आली. त्यातही १२५ ग्रेनच्या, म्हणजे सुमारे ८.१ ग्रॅमच्या हलक्या आणि वेगवान गोळ्यांना पसंती मिळाली. चार इंची नळीतून अशी गोळी सेकंदाला ४४० मीटरच्या आसपास जाते. या गोळ्या आखूड असतात. गोळी पुंगळीतून लवकर सुटते आणि सिलिंडर व नळी यांच्यामधली फट पार करत असतानाच मागून तप्त वायू आणि अर्धवट जळलेल्या दारूचे कण फोर्सिंग कोनावर आदळतात. आधी पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो, मग बारीक भेगा पडतात, आणि शेवटी त्या पातळ जागी आरपार तडा जातो. जुन्या के फ्रेमची नळी मग बदलावीच लागते आणि तिचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत.

१५८ ग्रेनची, म्हणजे सुमारे १०.२ ग्रॅमची गोळी लांब असते आणि सावकाश, सेकंदाला ३७५ मीटरच्या आसपास जाते. ती वापरली तर फोर्सिंग कोनावरचा मार खूपच कमी होतो. म्हणून जुनं मॉडेल १९, १३, ६५ किंवा ६६ हाती असेल तर नियम सोपा आहे: सराव .३८ ने, अधूनमधून १५८ ग्रेनचं .३५७, आणि ११० व १२५ ग्रेनच्या जोरदार मॅग्नमला हात लावायचा नाही. एवढं पाळलं तर ही रिव्हॉल्व्हर मुलांच्या हाती जाईपर्यंत टिकतात. २०१४ साली नव्याने आलेल्या मॉडेल ६६ मध्ये नळी दोन भागांची आहे आणि तो सपाट काप काढून टाकला आहे, त्यामुळे ही जुनी भीती तिथे उरलेली नाही.

एल फ्रेम कशासाठी आली

१९८०-८१ मध्ये स्मिथ अँड वेसनने एल फ्रेम आणली: मॉडेल ५८१, ५८६, ६८१ आणि ६८६. मूठ के फ्रेमचीच ठेवली, म्हणजे हाताची पकड बदलली नाही, पण चौकट आणि सिलिंडर जाड केला. नळीच्या टोकाला काप घ्यायची गरज संपली. नळीखाली टोकापर्यंत भरीव पट्टी दिल्याने वजन पुढे सरकलं आणि तोंडाची उसळी कमी झाली. चार इंची ६८६ सुमारे १.१३ किलो भरतं. रुगरचं जीपी १०० त्यानंतर काही वर्षांनी आलं. तेही जवळपास तेवढंच. त्याच्या फ्रेमला बाजूची झाकणपट्टी नाही, दोन्ही भिंती अखंड आहेत आणि यंत्रणा खालून एका तुकड्यात बाहेर निघते. कमी खर्चात, हयगय झाली तरी चालत राहणारं .३५७ हवं असेल तर जीपी १०० ला तोड नाही. चापाचा खेचाव मात्र नव्याकोऱ्या ६८६ चा बहुधा जास्त मऊ लागतो.

एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. सिलिंडरला जागेवर अडवणारी खाच त्याच्या बाहेरच्या अंगावर असते आणि अडवणारा खटका खालून वर येतो. सहा चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसायच्या सहा भोकांच्या सिलिंडरमध्ये एक चेंबर नळीसमोर आला की दुसरा बरोबर त्याच्या खाली असतो. म्हणजे खाच नेमकी चेंबरच्या पातळ भिंतीवर पडते. पाच किंवा सात चेंबर असतील तर खाली दोन चेंबरमधली जाड भिंत येते आणि खाच तिथे पडते. त्यामुळे सात काडतुसांचं ६८६ प्लस 'एक चेंबर वाढवला म्हणजे कमजोर झालं' असं मानणं चूक आहे. रुगरने तर सहा चेंबरच्या सिलिंडरमध्येही खाच बाजूला सरकवून जाड भागात घेतली आहे.

धक्क्याचा हिशोब

गोळी आणि वायू पुढे जितका संवेग घेऊन जातात तितकाच रिव्हॉल्व्हर मागे घेतं. तेच काडतूस असेल तर धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. १५८ ग्रेनचं पूर्ण ताकदीचं .३५७ घेतलं आणि दारूच्या वायूचा वाटा धरून हिशोब केला, तर १.०४ किलोच्या के फ्रेममध्ये धक्का सुमारे १२ ज्यूल येतो, १.१३ किलोच्या एल फ्रेममध्ये ११, आणि साडेसहा इंची नळीच्या १.३७ किलोच्या एन फ्रेममध्ये ९. काडतुसागणिक हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण त्यांचं आपसातलं नातं तेच राहील.

आता त्याच एल फ्रेममध्ये .३८ स्पेशल घाला: धक्का तीन ज्यूलच्या थोडा वर. आणि १.३७ किलोच्या एन फ्रेममध्ये २४० ग्रेनचं .४४ मॅग्नम घाला: सुमारे २२ ज्यूल.

या आकड्यांतून दिसतं ते असं. फ्रेम बदलून धक्का पाव हिश्शाने कमी होतो, काडतूस बदलून तो तिप्पट किंवा सातपट होतो. ज्याला .३५७ चा धक्का सोसत नाही त्याने दोनशे-तीनशे ग्रॅम जास्त वजनाचं रिव्हॉल्व्हर घेऊन फार काही साधत नाही. त्याने .३८ झाडावं. आणि ज्याला .३५७ नीट झेपतं, त्याला .४४ आपोआप झेपेल असंही धरू नये.

धक्का आकड्यात जेवढा असतो तेवढाच हाताला जाणवेल असंही नाही. मुठीचा आकार हाताला बसला नाही तर ११ ज्यूलही अंगठ्याच्या सांध्यावर घाव घालतात. पाठीची पोलादी पट्टी उघडी ठेवणारी लाकडी मूठ हाताला बारीक लागते आणि चाप जवळ आणते, पण मार थेट तळहाताला देते. पट्टी पूर्ण झाकणारी रबरी मूठ मार शोषते, पण चाप काही मिलिमीटर दूर ढकलते. लहान हाताच्या माणसाला यातलं एक निवडावंच लागतं. अशा हाताने मध्यम फ्रेमवर झाकणारी रबरी मूठ लावणं मोठ्या फ्रेमवर बारीक लाकडी मूठ लावण्यापेक्षा बरं.

मोठी फ्रेम कधी घ्यावी

.४४ मॅग्नम नियमित झाडायचं असेल तर मोठीच फ्रेम. यावर फार चर्चेची गरज नाही. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल २९, त्याचं स्टेनलेस भावंड ६२९, रुगरचं रेडहॉक आणि सुपर रेडहॉक हे या कामाचे गडी. यांतली रुगरची दोन्ही सर्वांत दणकट. सुपर रेडहॉकची चौकट नळीच्या मुळावर पुढपर्यंत वाढवलेली आहे. साडेसात इंची नळीचं सुपर रेडहॉक दीड किलो भरतं. शिकारीला, दुर्बीण लावून, आधार घेऊन झाडायला ते उत्तम. कमरेला बांधून डोंगर चढायला मात्र तो भार नकोसा होतो.

या अडचणीवर २०१४ साली मॉडेल ६९ आलं: एल फ्रेम, पाच चेंबर, .४४ मॅग्नम, वजन सुमारे १.०५ किलो. अलास्कासारख्या अस्वलांच्या मुलखात दिवसभर बाळगायचं आणि क्वचित झाडायचं, यासाठी ते फार छान जमलं आहे. पण वरचाच हिशोब लावला तर पूर्ण ताकदीच्या काडतुसाचा धक्का २८ ज्यूलवर जातो. याने दर आठवड्याला पन्नास मॅग्नम झाडेन म्हणणाऱ्याचं मनगट आधी तक्रार करेल, मग रिव्हॉल्व्हर.

हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये जोरदार काडतूस घातलं की आणखी एक गोष्ट बिघडते. धक्क्याने रिव्हॉल्व्हर आणि आतल्या पुंगळ्या झटक्यात मागे जातात, न झाडलेल्या काडतुसांमधल्या गोळ्या मात्र जडत्वामुळे जागेवर राहू पाहतात. प्रत्येक धक्क्याला गोळी पुंगळीतून थोडी पुढे सरकते. ती सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली की नळीच्या टोकाला अडते आणि सिलिंडर जाम होतो. तो घोडा ओढून सुटत नाही, नीट हत्यारं लागतात. तपासायची रीत अशी: एका काडतुसाची लांबी व्हर्निअर कॅलिपरने मोजून ठेवा आणि ते सगळ्यात शेवटी झाडलं जाईल अशा चेंबरमध्ये घाला. बाकीची सगळी झाडा, मग ते काढून परत मोजा. लांबी वाढलेली दिसली तर ते काडतूस त्या रिव्हॉल्व्हरसाठी नाही.

आता .३५७ साठी मोठी फ्रेम. मॉडेल २७ आणि १९५४ सालचं साध्या फिनिशचं मॉडेल २८ 'हायवे पॅट्रोलमन' ही या जातीची नावाजलेली रिव्हॉल्व्हरं. .३५७ ची भोकं .४४ पेक्षा लहान, त्यामुळे सिलिंडरच्या भिंतींत पोलाद जास्त उरतं. नळी आणि चौकट एका माणसाच्या आयुष्यात झिजत नाहीत. पण जड सिलिंडरला जडत्वही जास्त. चाप भरभर खेचून झाडलं की सिलिंडर वेगाने फिरतो आणि खटका त्याला एकदम अडवतो. कालांतराने खाचेच्या कडा ठेचल्या जातात आणि सिलिंडर जागेवर ढिला बसू लागतो. वेगाने झाडण्याच्या स्पर्धेत म्हणून मध्यम फ्रेमचा हलका सिलिंडर बरा पडतो. एन फ्रेममध्ये .३५७ घेण्याचं आजचं खरं कारण आठ काडतुसं हेच आहे, मॉडेल ६२७ सारखी. सहाच काडतुसं हवी असतील तर एल फ्रेम किंवा जीपी १०० तेच काम कमी वजनात करतात.

थोडक्यात निवड अशी पडते. नव्वद टक्के .३८ आणि दिवसभर बाळगणं असेल तर के फ्रेम. .३५७ मनसोक्त झाडायचं, घरातल्या दोघांनी वापरायचं आणि एकच रिव्हॉल्व्हर घ्यायचं असेल तर एल फ्रेम, जीपी १०० किंवा खिसा परवानगी देत असेल तर पायथन. .४४ आणि त्याच्या वर, किंवा आठ काडतुसं, तर मोठी फ्रेम. पहिलं मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेणाऱ्या बहुतेकांनी मधल्या वाक्यातलं काहीतरी घ्यावं असं ठाम मत आहे.

घेण्याआधी हातात धरून पाहा

रिकामं असल्याची खात्री करा: सिलिंडर उघडा, प्रत्येक चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासा. मग नळी आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत येईल असं धरा आणि तर्जनी चापावर ठेवा. घोडा हाताने न ओढता चाप पूर्ण खेचून झाडायचं असेल तर तर्जनीच्या पहिल्या पेराची घडी चापावर यायला हवी. फक्त बोटाचं टोक पोचत असेल, किंवा पोचण्यासाठी मूठ हातात फिरवावी लागत असेल, तर ती फ्रेम तुमच्यासाठी मोठी आहे. मूठ फिरवून धरलं की धक्का तळहाताच्या मधोमध न बसता अंगठ्याच्या मुळावर बसतो, आणि पुढची माशीही (नेम धरायचा खुंट) खेचताना बाजूला जाते. मोठ्या फ्रेमला नाकारण्याचं हे सर्वांत सामान्य आणि सर्वांत रास्त कारण आहे.

अमेरिकेत बऱ्याच रेंजवर रिव्हॉल्व्हर भाड्याने मिळतं. दोन फ्रेम एकाच दिवशी घ्या. प्रत्येकीतून आधी .३८ ची दोन सिलिंडर, मग १५८ ग्रेनच्या .३५७ ची चार. लक्ष्य सात मीटरवर, जेवणाच्या कागदी थाळीएवढं, चाप पूर्ण खेचून. पहिल्या सिलिंडरच्या भोकांचा पुंजका आणि शेवटच्याचा पुंजका शेजारी ठेवून बघा. शेवटचा खाली आणि डावीकडे (डावखुऱ्याचा उजवीकडे) पसरला असेल तर धक्क्याच्या भीतीने हात आधीच दबतोय. ज्या फ्रेममध्ये हा फरक कमी, ती तुमची. .३५७ चा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही. डोळ्यावर चष्मा. आणि कोणतंही बोट सिलिंडरच्या पुढच्या तोंडापाशी नको. तिथल्या फटीतून बाजूला निघणारा वायू मांस कापतो. पिस्तुलाची सवय असलेले लोक आधाराच्या हाताचा अंगठा पुढे पसरतात, त्यांनी हे खास लक्षात ठेवावं.

जुनं घेत असाल तर

चांगली जुनी रिव्हॉल्व्हर अमेरिकेत पुष्कळ मिळतात आणि पाच मिनिटांत बरंचसं कळतं. सोबत फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि लहान विजेरी ठेवा.

सिलिंडर आणि नळी यांमधली फट मोजा. ०.१० ते ०.२५ मिलिमीटर ठीक. कमी असेल तर काजळी साचून सिलिंडर घासतो, जास्त असेल तर वेग जातो आणि शिशाचे कण बाजूला उडतात. आता सिलिंडर मागे दाबून एकदा मोजा आणि पुढे दाबून एकदा. दोन्हींतला फरक म्हणजे सिलिंडरचा पुढे-मागे खेळ. ०.०५ मिलिमीटरपर्यंत चालतो. जास्त असेल तर दर वेळी सिलिंडर हातोड्यासारखा आपटतोय. हे दुरुस्त होतं, पण किमतीत धरायला हवं.

मग टायमिंग. सिलिंडरवर बोट हलकं टेकवून किंचित अडवा आणि घोडा अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण मागे अडकायच्या आत, किंवा फार तर त्याच क्षणी, सिलिंडर खटक्यात बसला पाहिजे. प्रत्येक चेंबरला स्वतंत्र तपासा, एखादाच मागे राहणं नेहमीचं असतं. मागे राहिलेला चेंबर नळीशी रेषेत येत नाही आणि गोळी कडेला घासून शिरते. जुन्या कोल्ट पायथनमध्ये हे विशेष बघा. त्याची सिलिंडर घट्ट पकडणारी यंत्रणा सुरेख आहे पण झिजते, आणि ती नीट बसवणारे कारागीर कमी उरले आहेत.

शेवटी विजेरीने फोर्सिंग कोन, विशेषतः के फ्रेममध्ये खालचा सपाट भाग. आणि फटीच्या वर फ्रेमच्या आतल्या बाजूला वायूने कोरलेली बारीक रेघ. ही रेघ दिसली म्हणून घाबरायचं नाही, ती थोडी खोल जाऊन बहुधा थांबते. पण हलक्या गोळ्यांची जोरदार काडतुसं भरपूर झाडली गेल्याची ती साक्ष असते, म्हणून ती दिसली की फोर्सिंग कोन दुसऱ्यांदा बघा. स्मिथ अँड वेसनमध्ये मुठीच्या पुढच्या अंगाला, खाली, मुख्य स्प्रिंगला ताण देणारा स्क्रू असतो. चाप हलका करण्यासाठी तो ढिला केलेला असला तर काडतुसं उडत नाहीत. तो पूर्ण घट्ट करूनच चाप तपासा.

वापरात काय बिघडतं

.३५७ मध्ये .३८ झाडलं की आखूड पुंगळीच्या तोंडापुढे काजळीचं कडं जमतं. मग लांब .३५७ घातलं तर ते अडतं. जोर लावून बसवलं तर पुंगळीचं तोंड त्या कड्यात आवळलं जातं, गोळी सुटायला अडथळा होतो आणि दाब वाढतो. .३८ नंतर .३५७ झाडायचं असेल तर मध्ये प्रत्येक चेंबरमधून पितळी ब्रश दहा-बारा वेळा फिरवा.

पुंगळ्या काढताना नळीचं तोंड वर करा आणि सिलिंडरपुढची, पुंगळ्या बाहेर ढकलणारी दांडी एका झटक्यात पूर्ण दाबा. तोंड खाली असेल तर न जळलेले दारूचे कण पुंगळ्या ढकलणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या चकतीखाली पडतात, ती पूर्ण बसत नाही आणि सिलिंडर फिरायला जड होतो. असं झालं की जुना टूथब्रश पुरतो. अडीच इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दांडीच आखूड असते. लांब मॅग्नम पुंगळ्या अर्ध्याच बाहेर येतात आणि हाताने काढाव्या लागतात.

सिलिंडर उघडायलाच जड जात असेल तर ती दांडी आट्यांवर ढिली झाली आहे का बघा. १९६० च्या आसपासपासून स्मिथ अँड वेसनच्या दांडीचे आटे उलटे आहेत. घट्ट करताना हे विसरलं की आणखी सुटते. आणि स्पीडलोडर (सगळी काडतुसं एकदम भरायचं साधन) व कमरेचं होल्स्टर घेताना फ्रेमचं अक्षर सांगा. के, एल आणि एनचे स्पीडलोडर वेगळे आहेत, आणि के फ्रेमच्या चामड्याच्या होल्स्टरमध्ये एल फ्रेम बहुधा घट्ट बसते.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी

ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना संघीय कायद्याने बंदूक घेता येते. एच-१बी, एच-४, एल-१ किंवा एफ-१ वर असलेल्यांना बंदूक किंवा काडतुसं ताब्यात बाळगायला बंदी आहे, काही अपवाद वगळून. त्यांतला सर्वांत जास्त वापरला जाणारा अपवाद म्हणजे राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. रेंजवर भाड्याने घेऊन झाडणंही ताब्यात घेण्यातच मोडतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. परवानाधारक दुकानदार २१ वर्षांखालील व्यक्तीला हँडगन विकू शकत नाही. राज्यांचे नियम याच्या वर वेगळे असतात. न्यू जर्सीत तर प्रत्येक हँडगनसाठी पोलिसांकडून खरेदीचा परवाना आधी घ्यावा लागतो.

भारतात १९५९ चा शस्त्र कायदा लागू होतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि सर्वसाधारण परवानाधारकाला परदेशातून रिव्हॉल्व्हर आणता येत नाही. म्हणून रेंजवर नेलेली पिशवी मुंबईच्या विमानप्रवासाला कधीच वापरू नका. तिच्या खणात विसरलेलं एक काडतूस विमानतळावर सापडलं तरी गुन्हा नोंदवला जातो, आणि तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागू शकतं.